शब्दाच्या मागून काय येतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एका सहकारी बाईंना भर बैठकीत, अगदी मनापासून, 'तुम्ही फार समजूतदार आहात' असं म्हणालात. त्यांचा चेहरा उतरला आणि नंतर त्यांनी बाजूला येऊन सांगितलं, 'हे मला पुन्हा म्हणू नका.' तुम्ही शब्दकोश काढून पाहिलात, अर्थ चांगलाच निघाला. आता तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: एकाच शब्दाची छटा दोन माणसांना इतकी वेगळी का जाणवते, यात चूक कोणाची, आणि सगळ्यांना सारखेच लागतील असे शब्द निवडता येतात का.

मी सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या तयार करते. प्रश्न पक्का करण्याआधी तो थोड्या लोकांना विचारून बघायचा, उत्तर आलं की तिथंच न थांबता 'हा शब्द ऐकल्यावर तुमच्या मनात काय आलं?' असं खोदून विचारायचं, या पूर्वचाचणीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तेव्हा शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: असे शब्द नसतात. निदान माणसाबद्दल काही म्हणणारे तरी नसतात. पण छटा कुठून येते हे एकदा लक्षात आलं, की कोणता शब्द कुठं टोचेल याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो.

शब्दकोश आपल्याला बहुतेक लोक बहुतेक वेळा तो शब्द कसा वापरतात ते सांगतो. ऐकणाऱ्याच्या वाट्याला 'बहुतेक लोक' येत नाहीत. त्याला शब्द भेटतो तो ठरावीक माणसांच्या तोंडून, ठरावीक प्रसंगी, आणि त्यानंतर दर वेळी काहीतरी घडतं. शब्दाची छटा म्हणजे त्या पुढच्या घडण्याची आठवण, असं मी मानते. शब्द गोड की कडू हे शब्दात शोधू नका, त्याच्या मागून काय आलं ते बघा.

'समजूतदार'च घ्या. हा शब्द पहिल्यांदा कानावर पडतो तो प्रसंग बहुधा असा असतो: खेळणं एक, मागणारी दोन. धाकट्यानं भोकाड पसरलेलं. मग मोठीला सांगितलं जातं, 'तू समजूतदार आहेस ना? मग दे त्याला.' यातला 'मग' नीट ऐका. पुढं हेच वाक्य मोठं होत जातं. तू समजूतदार आहेस, मग या वर्षी सहलीला नको जाऊस. तुम्ही समजूतदार आहात, मग बढतीचं आपण पुढच्या वर्षी बघू. ज्यानं हा 'मग' कधी ऐकला नाही, त्याच्यासाठी शब्द निखळ कौतुकाचा राहतो. ज्यानं तो वर्षानुवर्षं ऐकला, त्याला 'समजूतदार' म्हटल्याबरोबर आता आपल्याकडून काय काढून घेतलं जाणार याची चाहूल लागते. तुमच्या सहकारी बाईंचं असंच झालं असेल असं मी ठामपणे म्हणणार नाही, त्यांना मी ओळखत नाही. पण पूर्वचाचणीत हा शब्द मी वापरून पाहिला आहे, आणि घरातल्या मोठ्या भावंडांच्या तोंडून 'म्हणजे नेहमी मीच का?' हे उत्तर इतक्या सहज येतं की आता मला त्याचं नवल वाटत नाही.

असे शब्द पुष्कळ आहेत. 'साधा', 'व्यवहारी', 'महत्त्वाकांक्षी', 'स्पष्टवक्ता', 'सोशिक'. प्रत्येकाच्या मागून कोणाला शाबासकी आलेली असते, कोणाला टोमणा. 'महत्त्वाकांक्षी' हा शब्द तर बोलणाऱ्याच्या स्वरावरच तरतो किंवा बुडतो.

आपल्या साहित्यशास्त्रात हा विचार फार जुना आहे, आणि मला वाटतं तो आजच्या बऱ्याच पुस्तकांपेक्षा नेमका आहे. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, लक्षणा म्हणजे सरळ अर्थ बसेनासा झाल्यावर घ्यावा लागणारा दुसरा अर्थ, आणि व्यंजना म्हणजे न सांगता सुचणारा अर्थ. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनानं या सुचणाऱ्या अर्थालाच काव्याचा प्राण ठरवलं. त्याच परंपरेतल्या मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त एक उदाहरण दिलंय, ते मी नव्या मंडळींना शिकवताना हमखास वापरते. वाक्य एवढंच: सूर्य मावळला. आता ऐकणारा बदला. सेनापतीला ते ऐकून वाटतं, शत्रूवर चाल करायची हीच वेळ. कामकऱ्यांना वाटतं, आता काम थांबवू. संध्या करणाऱ्याला वाटतं, संध्येला बसायला हवं. गुराख्याला वाटतं, गाई घरी न्यायला हव्यात. दुकानदाराला वाटतं, माल आवरावा. आणि प्रियकराची वाट पाहणारीला वाटतं, तो अजून आला नाही. मम्मटाचा मुद्दा असा की सरळ अर्थ सगळ्यांना एकच मिळतो आणि सुचणारा अर्थ मात्र बोलणारा, ऐकणारा, प्रसंग यांच्यासोबत बदलतो. मी त्यात एवढीच भर घालते की प्रत्येकाला सुचलं ते त्याच्या रोजच्या संध्याकाळी सूर्यास्तानंतर काय होतं त्यावरून.

इथं एक भेद करायला हवा, कारण तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकात मिसळल्यात. काही वेळा दोघांना वेगळं *वाटतं*, आणि काही वेळा दोघं वेगळंच *मोजत* असतात. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण त्यात कोणाचा चेहरा उतरत नाही. दोघंही मान डोलावून उठतात.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकी गुप्तचर खात्यातलं आहे. १९५१ साली युगोस्लाव्हियावर हल्ला होईल का याबद्दल अंदाज वर्तवणारा एक अहवाल तयार झाला. त्यात हल्ल्याची 'गंभीर शक्यता' आहे असे शब्द होते. शर्मन केंट हे त्या कामातले ज्येष्ठ. त्यांना परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्यानं सहज विचारलं, या शब्दांचा अर्थ नेमका किती? केंट म्हणाले, हल्ला होण्याच्या बाजूनं ६५, न होण्याच्या ३५. अधिकारी चपापला, त्यानं तर शक्यता बरीच कमी धरली होती. मग केंटनी आपल्याच मंडळातल्या, म्हणजे त्या शब्दांना संमती देणाऱ्या सहकाऱ्यांना एकेक करून विचारलं. कोणी २० टक्के म्हणालं, कोणी ८०. सगळ्यांनी एकाच वाक्यावर एकमत केलं होतं! हे केंट यांनी १९६४ साली लिहून ठेवलंय, आणि शक्यतेच्या शब्दांना आकडे नेमून द्यावेत अशी त्यांची सूचना होती. सहकाऱ्यांपैकी काहींना ती अजिबात रुचली नाही. त्यांना शब्दांची ती मोकळीक हवीच होती. मला त्या मंडळींचंही थोडं पटतं, पण युद्धाच्या अंदाजात नाही.

औषधाच्या डबीतल्या कागदावरही हेच होतं. युरोपातल्या नियमांप्रमाणे एखादा दुष्परिणाम 'सामान्यपणे आढळणारा' म्हणायचा तर तो १०० पैकी १ ते १० जणांना व्हायला हवा. हे ठरवणाऱ्यांना माहीत असतं. वाचणारा रोगी 'सामान्यपणे' वाचतो आणि बहुतेकांना होतच असणार असं समजून गोळी बाजूला ठेवतो. लोक हा आकडा कितीतरी जास्त धरतात हे अभ्यासांतून वारंवार दिसलंय. तपासणीचा अहवाल 'पॉझिटिव्ह' आला म्हणून आनंदलेला माणूसही तुम्हाला कुठंतरी भेटला असेल.

आता पुन्हा छटेकडे. दोन शब्दांनी कृती तीच सांगितली तरी निवड बदलते का? बदलते, आणि चांगली घसघशीत बदलते. १९४१ साली लोकमताचे अभ्यासक डोनाल्ड रग यांनी एक तुलना प्रसिद्ध केली, आमच्या धंद्यात ती सगळ्यांना तोंडपाठ असते. अमेरिकेत लोकांच्या एका गटाला विचारलं, लोकशाहीविरोधी भाषणांना देशानं परवानगी द्यावी का? ६२ टक्के म्हणाले, देऊ नये. दुसऱ्या गटाला विचारलं, अशा भाषणांवर बंदी घालावी का? घालावी म्हणणारे भरले ४६ टक्के. तर्कानं बघाल तर परवानगी न देणं आणि बंदी घालणं यात फरक शून्य. पण 'परवानगी' दिली म्हटलं की आपण त्या भाषणाच्या पाठीशी उभे राहिल्यासारखं वाटतं, आणि 'बंदी' म्हटलं की हातात दंडुका घेतल्यासारखं. काठावरच्या माणसाला दोन्ही नको असतं, म्हणून तो दोन्हीकडे 'नाही' म्हणतो.

तिथल्याच दीर्घकाळ चालणाऱ्या सामाजिक सर्वेक्षणात आणखी एक असंच सापडलं. सरकार 'गरिबांच्या साहाय्यावर' फार कमी खर्च करतं का, असं विचारलं तर साठ टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणत. त्याच सुमारास 'वेल्फेअर' हा शब्द घालून विचारलं की हो म्हणणारे जेमतेम चौथाईवर येत. 'वेल्फेअर' शब्दाचा मूळ अर्थ कल्याण, आणि तिथं तो गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी वापरतात. पण त्या देशात त्याच्या मागून दशकानुदशकं काय आलं? फुकटेपणाचे आरोप, कागदपत्रांची छाननी, निवडणुकीची भाषणं. शब्द तोच राहिला आणि आतलं सामान बदललं.

पूर्वचाचणीत हे जवळून कसं दिसतं त्याचा एक प्रसंग सांगते. वयस्कर लोकांच्या दैनंदिन गरजांवर प्रश्नावली होती. प्रश्न होता, 'अंघोळ करताना तुम्हाला कोणाची मदत लागते का?' एक आजोबा ताडकन म्हणाले, 'छे, मदतबिदत काही नाही.' मी कागदावर 'नाही' लिहिलं आणि विचारलं, 'तुम्ही अंघोळीला जाता तेव्हा घरात काय काय चालतं, सांगाल?' ते सांगू लागले. सून पाणी काढून ठेवते. खुर्ची तीच ठेवते. दाराला आतून कडी घालायची नाही असं ठरलंय. ती बाहेर उभी राहते, मधूनमधून 'बाबा, झालं का?' विचारते. उठताना हात देते. 'आणि ही मदत नव्हे?' मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा रागानंच पाहिलं. 'ती घरचीच आहे हो. मदत म्हणजे आपलं आपल्याला होत नाही तेव्हा.'

त्यांच्या लेखी 'मदत' या शब्दाच्या मागून परावलंबन येत होतं, कदाचित त्याच्याही मागून आणखी काही. आम्ही तो शब्दच काढला. प्रश्न केला, 'तुम्ही अंघोळ करत असताना कोणी जवळपास थांबतं का? उठताबसताना कोणी हात देतं का?' यावर लोक मोकळेपणानं हो म्हणू लागले, कारण यात त्यांच्याबद्दल कोणताच निवाडा नव्हता, फक्त काय घडतं ते होतं.

'काम' या शब्दाचंही असंच. 'गेल्या आठवड्यात तुम्ही काही काम केलंत का?' या प्रश्नाला दिवसभर राबणाऱ्या कित्येक बायका 'नाही, मी घरीच असते' म्हणतात. काम म्हणजे ज्याच्या मागून पगार येतो ते. हा घोळ जगभर आहे, म्हणून २०१३ साली श्रम-सांख्यिकीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं 'काम' आणि 'रोजगार' यांच्या व्याख्या वेगळ्या केल्या आणि बिनपगारी काम हेही कामच असं स्वच्छ म्हटलं. व्याख्या झाली ती मोजणाऱ्यांसाठी. उत्तर देणारीच्या मनातला शब्द ठरावानं बदलत नाही, म्हणून आम्ही आजही एकेक कृती नाव घेऊन विचारतो: पाणी भरलंत का, जनावरांचं केलंत का, कोणाची देखभाल केलीत का.

छटा मोजता येते का, असं कोणी विचारतं तेव्हा मी मानसशास्त्रज्ञ चार्ल्स ऑसगुड आणि त्यांचे सहकारी यांच्या कामाकडे बोट दाखवते. १९५७ साली त्यांनी पद्धत मांडली ती अशी: शब्द द्यायचा आणि 'चांगला–वाईट', 'बळकट–दुबळा', 'चपळ–मंद' अशा जोड्यांमधल्या सात पायऱ्यांवर तो कुठं बसतो ते लोकांना विचारायचं. शब्द कोणताही असो, उत्तरं मुख्यतः तीन बाबींभोवती जमा होतात: किती चांगला, किती ताकदवान, किती हालचालीचा. पद्धत साधी आहे आणि अजून चालते. दोन गटांच्या मनातला 'पोलीस' किंवा 'शाळा' हा शब्द किती लांब आहे ते कागदावर दिसतं. का लांब आहे ते मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी समोर बसून ऐकावंच लागतं.

शब्द बदलला की प्रश्न सुटतो, हा समज मात्र मला फारसा पटत नाही. 'मोरॉन' ही आज इंग्रजीतली शिवी. १९१० साली हेन्री गॉडर्ड या मानसशास्त्रज्ञानं ती बौद्धिक वाढ कमी असलेल्या माणसांसाठी शास्त्रीय संज्ञा म्हणून घडवली होती. 'इडियट' आणि 'इंबेसाइल' हेसुद्धा त्या काळी या कमतरतेच्या पायऱ्या सांगणारे वैद्यकीय शब्द. ते शिवीत गेले तेव्हा 'मेंटल रिटार्डेशन' हा सभ्य पर्याय रूढ झाला. तोही शाळेच्या मैदानावर पोहोचला, आणि अखेर २०१० साली अमेरिकेला तो संघीय कायद्यांतून काढायला वेगळा कायदा करावा लागला. भाषेचे अभ्यासक स्टीव्हन पिंकर यांनी या प्रकाराला ट्रेडमिलची उपमा दिली आहे: पावलं पडतात, माणूस पुढं सरकत नाही. नव्या शब्दाच्या मागूनही तीच हेटाळणी येत राहिली की काही वर्षांत तो जुन्याइतकाच टोचू लागतो. तरीही ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांनी 'हा शब्द नको' म्हटलं तर तो सोडावा. त्याला वाद घालण्याइतकी किंमत लागत नाही.

उलटंही होतं. इंग्रजीतला 'क्विअर' शब्द समलिंगी लोकांच्या कित्येक पिढ्यांनी शिवी म्हणून ऐकला. १९९०च्या सुमारास ज्यांना तो मारला जात होता त्यांनीच तो उचलला, मोर्चात नेला. आज काही जणांसाठी तो अभिमानाचा आहे, आणि त्याच समाजातल्या काही ज्येष्ठांना तो अजून ऐकवत नाही. दोघंही खरं सांगत असतात. एकाच्या आठवणीत मोर्चा आहे, दुसऱ्याच्या आठवणीत मार. बाहेरच्यानं तो वापरावा की नाही हे म्हणूनच शब्दावरून ठरत नाही, कोणासमोर आणि कोणत्या नात्यानं बोलतोय यावरून ठरतं.

आता चूक कोणाची. तुमची नाही, आणि त्यांचीही नाही. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीच्या एका रेडिओ कार्यक्रमात गमतीनं एक क्रियापद चालवून दाखवलं होतं. त्याची मराठी तऱ्हा अशी होईल: मी ठाम असतो, तुम्ही हट्टी असता, आणि तो आडमुठा असतो. एकच वागणं, अंतर वाढेल तसा शब्द उतरत जातो. प्रत्येक विशेषणात बोलणारा कुठं उभा आहे हे दडलेलं असतं, आणि ऐकणारा ते आधी ओळखतो, अर्थ नंतर. म्हणून मी 'माझा हेतू चांगला होता' या समर्थनावर फार वेळ घालवत नाही. हेतू तुमच्याकडे आहे, आठवण त्यांच्याकडे. दोन्हींची गाठ पडली नाही, एवढंच.

पण 'माझ्या मनात तसं नव्हतं, तुम्हीच चुकीचं घेतलंत' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. ते बोललात की त्या शब्दाच्या मागून आणखी एक वाईट गोष्ट आली, आणि ती आता तुमच्या नावावर जमा झाली. 'तुम्हाला या शब्दाचा काय अर्थ वाटतो?' हेही विचारू नका. या प्रश्नाला लोक शब्दकोशातलं उत्तर देतात, कारण परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. त्यांची सांगायची तयारी दिसली तर विचारायचं ते असं: 'तुम्हाला हे आधी कोण म्हणायचं?' मला जे काही कळलं ते बहुतेक याच प्रश्नातून कळलं. पण तयारी दिसत नसेल तर तिथंच थांबा. आपल्या कुतूहलासाठी कोणाला जुन्या गोष्टी उकरायला लावणं बरं नव्हे.

आणि पुढच्या वेळी कौतुक करायचं असेल तर विशेषण टाळून घडलेलं सांगा. बैठकीत नेमकं काय झालं होतं ते तुम्ही लिहिलंय: दोन विभागांचं वेळापत्रक आपटत होतं आणि त्यांनी आपली तारीख मागे घेतली. मग तेच म्हणा, 'तुम्ही तारीख मागे घेतलीत म्हणून आमचं काम वेळेत सुटलं. त्यात तुमचे दोन दिवस गेले, हे मला माहीत आहे.' यात टोचायला जागा फार कमी उरते, कारण यात त्या कशा आहेत याचा निवाडा नाही आणि त्यांनी काय सोसलं ते मात्र मोजलं गेलंय. शक्य असेल तर पुढची तारीख तुम्ही मागे घ्या. त्यानंतर कधी चुकून 'समजूतदार' तोंडातून गेलाच, तरी त्याच्या मागून काय आलं होतं याची एक वेगळी नोंद त्यांच्याकडे असेल.